मामा म्हणजे कोण?

भाऊबीजेला ओवाळून घ्यायला येतो तो आईचा भाऊ, म्हणजे पोरांचा मामा. या मामाला घेऊन जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी गाठली, तर मोठा घोटाळा होईल. तिथे 'मामा' म्हणजे बाप. चर्चमधल्या धर्मगुरूलाही 'मामाओ' अशीच हाक मारतात. आई तिथे 'देदा'. याकोब गोगेबाश्विली यांनी १८७६ साली मुलांसाठी काढलेल्या वाचनपुस्तकाचे नाव 'देदा एना', अर्थात मातृभाषा.

चिनी आणि स्वाहिली पोरे आईला 'मामा' म्हणतात. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पित्जन्त्जत्जारा भाषेत (हे नाव एका दमात म्हणणाऱ्याला आमचा नमस्कार) पुन्हा बापच. जॉर्जियन, चिनी, स्वाहिली, पित्जन्त्जत्जारा आणि आपली मराठी. पाचांची कुळे पाच. कुणी कुणाकडून हा शब्द उचलला नाही. स्वाहिलीने तर आपली आणखी गंमत केली आहे: तिथे 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे चक्क बहीण.

हा निव्वळ योगायोग नव्हे. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतून आई आणि बाप यांसाठीचे १,०७२ शब्द जमवले. त्यावर भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९५९ साली एक निबंध लिहिला. अंगावर पिणाऱ्या बाळाचे तोंड बंद असते, तेव्हा आवाज निघतो तो नाकातून, 'म्' असा. पुढे भूक लागली, आई नजरेआड झाली, की तोच आवाज हाकेसारखा येतो. म्हणून आईच्या शब्दांत म, न पुष्कळ आणि बापाच्या शब्दांत प, ब, त, द जास्त. आवाज बाळाचा, त्याला अर्थ चिकटवतात ती भोवतालची मोठी माणसे. 'मला हाक मारली' असे आईने ठरवले की शब्द आईचा. जॉर्जियात तो बापाच्या वाट्याला आला, आपल्याकडे आईच्या भावाच्या.

योगायोगही असतातच. उत्तर क्वीन्सलंडमधल्या म्बाबारम भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत. इंग्रजीचा उसना शब्द, असे कुणालाही वाटेल. पण भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी दाखवले की शेजारच्या भाषांतला 'गुडागा' झिजत झिजत तिथवर आला होता. उलट आर्मेनियन भाषेत दोनला 'एर्कु' म्हणतात. कानाला काडीचे साम्य नाही, तरी तो संस्कृत 'द्वि'चा सख्खा भाऊबंद आहे, कारण तिथे ध्वनी कसे बदलले याचा नियम सापडतो आणि तो इतर शब्दांनाही लागू पडतो. भाषांची सोयरीक अशी नियमाने सिद्ध होते, दोन शब्द शेजारी ठेवून नव्हे.

हे सांगायचे कारण आहे. लेखक पु. ना. ओक यांनी 'व्हॅटिकन'मध्ये संस्कृत 'वाटिका' शोधली, तेव्हा निदान पुस्तक लिहावे लागत होते. आता ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाल्यापासून, जगातला कुठलाही शब्द मराठीतूनच गेला असे सांगणारे निरोप सकाळच्या फुलांच्या चित्राबरोबर येतात. आमच्या मते हा मराठीचा अभिमान नाही, आळस आहे. अभिजात भाषेला कोशकार लागतात, बोलींची नोंद करणारे लागतात, भाट नकोत.

आणि नोंदायला लांब जायला नको. मराठी घरांतच बापाला कुठे दादा म्हणतात, कुठे अण्णा, आबा, तात्या, भाऊ. आईला कुठे बाय, कुठे अक्का. एकत्र कुटुंबात चुलत्यांचे ऐकून पोरे बापाला 'दादा' म्हणू लागतात, आणि एकाच पिढीत शब्दाचा अर्थ सरकतो. तेव्हा वाचकहो, फराळाला सगळे जमतील तेव्हा आपल्या घरात आईला, बापाला, आजीला, मामाला काय हाक मारतात आणि ती कुणामुळे पडली, हे गावाच्या नावासह आम्हाला लिहून पाठवा.