आधीं ढाल, मग तलवार

वर्ग नि चतुर्घात शिकून पुढें उपयोग काय, असा प्रश्न घरोघरचीं मुलें विचारतात. त्यांस एक नवें उत्तर आज आम्ही देणार आहों.

जंतूंनाहि शत्रु असतात. कांहीं विषाणु आपला डीएनए जंतूच्या शरीरांत घुसवून त्याचा नाश करतात. म्हणून अनेक जंतु दोन प्रथिनें बाळगतात. एक प्रथिन डीएनएमधील ठराविक क्रम हेरून तेथें कापतें. दुसरें त्याच क्रमावर मिथिलची मुद्रा उमटवून त्यास अभय देतें. परका डीएनए मुद्रेवांचून येतो आणि कापला जातो. या कापणाऱ्या प्रथिनांच्या संशोधनाबद्दल आर्बर, नेथन्स व स्मिथ यांस १९७८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु हीं जनुकें एखाद्या नव्या जंतूंत प्रथमच शिरतात, तेव्हां त्याच्या स्वतःच्या डीएनएवरहि मुद्रा नसते. तलवार आधीं निघाली तर कुंपणानेंच शेत खाल्लें म्हणावयाचें! ढाल आधीं हवी. पण जंतूजवळ घड्याळ कोठचें?

१९९१ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं अशा व्यवस्थांतील एका तिसऱ्या, नियामक प्रथिनाचें वृत्त प्रसिद्ध केलें. ढालीचें जनुक कोणाची वाट पाहत नाहीं. तलवारीचें जनुक मात्र या नियामकावांचून नीट जागें होत नाहीं. नियामक स्वतःचें जनुकहि स्वतःच जागवतो. त्याचे रेणु जोडीनेंच काम करतात. त्यामुळें प्रमाण अल्प असतां रेणु दुप्पट झाले कीं जोड्या चौपट होतात, आणि दोन जोड्या शेजारीं बसण्याचा संभव सोळापट होतो! प्रारंभीं रेणु मोजके, म्हणून जोड्या जवळजवळ नाहींतच. हाच तो इष्ट विलंब. पुढें एक जोडी बसली कीं जनुक जोरानें चालतें. शेजारीं दुसरी बसली कीं त्यास लगाम बसतो, म्हणून तलवारी बेसुमार होत नाहींत.

निर्मितीचा वेग, नाशाचा वेग आणि जोडी जमण्याची ओढ, एवढें समीकरणांत मांडलें कीं हा सारा क्रम कागदावर उलगडतो. अर्थात् कागदावरील उत्तर प्रयोगाशीं ताडून पाहावेंच लागतें. २००८ सालीं केलेल्या मोजणींत तलवारीचें जनुक खरोखरच मागाहून जागें होतांना दिसलें.

समीकरणें प्रथम पाहून आम्हीहि दचकलों होतों, हें कबूल केलें पाहिजे. पण त्या चिमुकल्या जीवाचें मरण टळतें तें वर्ग व चतुर्घात यांच्याच बळावर, हें ध्यानीं आलें आणि दचक गेली. मुलांस हेंच सांगावें.