बावीस वर्षांत एकदाही नाही!

कोकणात घराबद्दल अभिमानाने सांगायच्या ज्या चार गोष्टी असतात, त्यांत अलीकडे एका गोष्टीची भर पडली आहे. तोंडवलीत एका परिचितांच्या अंगणात चहा घेत बसलो होतो. बोलता बोलता विषय शौचालयाच्या टाकीवर आला. यजमान म्हणाले, ‘‘काकानू, बावीस वर्सां झाली, आमची टाकी एकदाव उपसूक लागाक नाय. बांधकामच तसा असा!’’ बसलेल्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. टाकीपासून पंधरा पावलांवर विहीर होती आणि चहा तिच्याच पाण्याचा होता.

सेप्टिक टाकी ही काही जादूची पेटी नव्हे. तिच्यात गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. जिवाणू गाळ कुजवून कमी करतात, पण संपवीत नाहीत. म्हणून दोन-तीन वर्षांनी तो उपसावा, असे जाणकार सांगतात. न उपसता बावीस वर्षे जी टाकी भरत नाही, तिच्याबद्दल एकच निष्कर्ष निघतो. ती टाकी नाहीच. चिऱ्यांनी बांधलेला, तळ मोकळा सोडलेला खड्डा आहे. जे जायचे ते खाली जाते आहे. आपण ज्याला बांधकामाची मजबुती म्हणतो, ती वास्तविक गळती आहे.

हे सगळीकडेच वाईट; पण तोंडवली-तळाशीलसारख्या गावी अधिक वाईट. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. वाळूत पाणी झरझर वाहते आणि पावसाळ्यात भूजल पार अंगणाजवळ येते. खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा जो पातळ थर तरंगतो, तीच इथल्या विहिरींची पुंजी. त्या पुंजीतच आपण मैला सोडतो. पुन्हा पर्यटन वाढले. पाच माणसांच्या हिशेबाने बांधलेल्या टाकीवर दिवाळीत आणि मे महिन्यात पंचवीस पाहुण्यांचा भार पडतो. खोल्यांना टाइल्स नव्या बसतात, टाकी जुनीच राहते.

दोष एकट्या यजमानांचा नाही. बँकेत असताना घरकर्जाची कितीतरी प्रकरणे माझ्या हातांखालून गेली. प्रत्येक नकाशात कोपऱ्यात एक लहानसा चौकोन असे. कर्जदाराची ऐपत आम्ही तपासली, जामीनदार तपासले; त्या चौकोनाला तळ आहे का, हे मी कधी विचारले नाही. थकबाकी ओळखण्यात सारी नोकरी गेली, पण ही थकबाकी दिसली नाही.

२०१६च्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाट प्रदेशातील जिल्ह्यांत सिंधुदुर्ग देशात पहिला आला. तो मान खराच होता. लोकांनी श्रमाने मिळवलेला होता. परंतु शौचालय बांधणे हा अर्धाच हिशेब. खाली साठलेल्याचे काय, हा उरलेला अर्धा.

यावर लोक म्हणतात, गाडी आमच्या पाणंदीत शिरत नाही आणि शिरली तरी पैसे फार पडतात. आक्षेप खरा आहे. पण त्यातूनच ‘एखादा माणूस बोलवू’ हा विचार जन्मतो. बंद टाकीत विषारी वायू साचलेला असतो. उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवण्यास २०१३च्या कायद्याने बंदी केली. अशा मृत्यूसाठी तीस लाखांची भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये सांगितले. तरी माणसे मरतात, आणि ती बहुधा एकाच प्रकारच्या वस्तीतली असतात.

या जिल्ह्याला तरी हे सांगावे लागू नये. १९३२च्या डिसेंबरात रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून अन्नसत्याग्रह केला आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेबांनी एकच गोष्ट सांगितली : आपल्या मैल्याची जबाबदारी आपली. कणकवलीवरून वाहणारी गड नदीच तळाशीलला समुद्राला मिळते. विचार मात्र वाटेतच कुठेतरी आटला.

मग करावे काय? वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी तक्रारीची वाट न पाहता दर तीन वर्षांनी पाळीपाळीने प्रत्येक टाकी उपसण्याची पद्धत सुरू केली. खर्च करातून, म्हणजे सर्वांत वाटून. किनाऱ्यावरच्या पाच-सहा ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन एक गाडी आणि लांब नळी ठेवली, तर पाणंदीची अडचणही सुटेल. मात्र गाळ कुठे ओतायचा, हे आधी ठरले पाहिजे. रात्री खाडीत रिकामी होणारी गाडी नसलेलीच बरी. जिथे जमीन अनुकूल आहे आणि पाणी खोल आहे, तिथे दोन खड्ड्यांचे शौचालय उत्तम. एक भरला की दुसरा, आणि दीड-दोन वर्षांनी पहिल्यातले खत माडांना. वाळूत मात्र पक्क्या तळाची टाकीच हवी. उपसा पाऊस संपून पाणी खाली गेल्यावर करावा. ॲसिड आणि फिनेलचा मारा थांबवावा. त्याने आत काम करणारे जिवाणूच मरतात.

असो. त्या दिवशी मी यजमानांना काही बोललो नाही. पाहुण्याने चहाला नावे ठेवू नयेत. पुढच्या खेपेला मात्र बोलणार आहे. प्रश्न एकच विचारीन, ‘‘बावीस वर्षांचे ते सारे गेले कुठे?’’ उत्तर अंगणातच आहे. राहाट ओढला की वर येते.