वस्तू जपल्या, विद्येचे काय?

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात न्यूटनमोर येथे सुमारे मैलभर लांबीच्या माळावर एक संग्रहालय वसले आहे. अठराव्या शतकातील शाकारलेल्या घरांपासून १९५० च्या सुमाराच्या जीवनापर्यंतचा हायलंडचा ग्रामसंसार तेथे उघड्यावर उभा केला आहे. स्टॉकहोम येथे १८९१ साली सुरू झालेल्या स्कान्सेनपासून स्फूर्ती घेऊन इसाबेल ग्रँट या विदुषीने १९३५ साली आयोना बेटावर या संग्रहाचा पाया घातला.

अशा खुल्या संग्रहालयाच्या मैदानावर आसपासच्या गावकऱ्यांचा पाइप बँड वाजू लागला, की काटेकोर इतिहासप्रेमी नाक मुरडतात. त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. मशकीचे हे वाद्य जुने खरे; पण पाइप आणि ढोल यांचा कवायती मेळ एकोणिसाव्या शतकातील पलटणींनी जमविला. अठराव्या शतकातील झोपडीसमोर तो वाजविणे हा कालविपर्यासच होय. जेथे छपराचे गवतही पुरावा पाहून घातले जाते, तेथे ही सवलत कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही.

तथापि या आक्षेपात वस्तू आणि विद्या यांच्यातील भेद नजरेआड होतो. नांगर वा माग वापराने झिजतो, म्हणून संग्रहालय त्याला हात लावू देत नाही. विद्येचे गणित याच्या नेमके उलट आहे. ती न वापरल्याने नष्ट होते. पाइपच्या तीन नळ्या सनईच्या साथीतील सुराप्रमाणे अखंड घुमत राहतात आणि चौथीवर अवघ्या नऊ स्वरांत सारी धून वाजवावी लागते. पिशवीवरील दाब क्षणभर ढळला तरी सूर बिघडतो. म्हणून शिकाऊ मुलाला आधी कित्येक महिने साध्या नळीवर बोटे बसवावी लागतात. हे ज्ञान काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. ते एकाने दुसऱ्याला द्यावे लागते.

ते कोणी कोणाला द्यावे, हाही इतिहासाचाच भाग आहे. एके काळी ही कला घराण्यांची होती. स्काय बेटावरील मॅकक्रिमन घराण्याकडे मॅक्लाउड सरदारांच्या पाइपवादनाचा मान वंशपरंपरेने चालत आला होता. १७४६ मधील कलोडनच्या पराभवानंतर सरदारांची सत्ता मोडली आणि कलेचा तो आश्रय गेला. पुढे पलटणींनी तिला थारा दिला आणि तेथून ती नागरिकांच्या हाती आली. १९३० साली या बँडांची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली. आज टपाल खात्यातील कारकून आणि शाळकरी मुलगी एका रांगेत उभी राहून पाइप वाजवू शकतात. त्यासाठी कुळ विचारले जात नाही. ही कला टिकली याचे मोठे श्रेय या खुल्या दाराला द्यावे लागेल.

मात्र या टिकण्याचा खर्च कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही. छपराची डागडुजी अंदाजपत्रकात येते. संध्याकाळी विनावेतन शिकविणाऱ्याची वर्षे येत नाहीत. बँडला उत्सवापुरते बोलावून शोभेची वस्तू मानणाऱ्या संग्रहालयांनी त्याला तालमीची जागा द्यावी, नियमित मानधन द्यावे आणि मुलांचे वर्ग आपल्याच आवारात भरवू द्यावेत. हा कोणावर उपकार नव्हे. संग्रहाच्या जतनाचाच तो खर्च आहे. सोबत या मेळाचा खरा काळ सांगणारी एक पाटी लावली, म्हणजे इतिहासप्रेमींचेही समाधान होईल.

महाराष्ट्रालाही यातून घेण्यासारखे आहे. कोल्हापूरजवळ कणेरी येथील सिद्धगिरी संग्रहालयात बलुतेदारांचे गाव शिल्परूपाने उघड्यावर उभे आहे. कुंभार, लोहार, सुतार तेथे कामात गढलेले दिसतात. बलुतेदारीने हुन्नर जपला, पण तो जन्माशी जखडून ठेवला. ती व्यवस्था परत यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु जात गेली पाहिजे म्हणून चाकावरचा हातही जावा काय? शिल्पातील कुंभार पाहून परतणाऱ्या विद्यार्थ्याला, त्याची जात कोणतीही असो, जिवंत कुंभाराजवळ बसून माती मळता आली पाहिजे आणि त्या कुंभाराला शिक्षकाचा मोबदला मिळाला पाहिजे. पूर्वज कसे राहत होते, हे शिल्प दाखवू शकेल. त्यांना काय येत होते, हे मात्र शिकणाऱ्याच्या हातातूनच पुढे जाईल.