आराखडा रद्द झाला, पुढे काय?

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा राज्य सरकारने २०२५ साली रद्द केला. ऑगस्ट २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात आठशेहून अधिक गावांचे भवितव्य रेखाटलेले होते. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतील अनेक गावे त्यात होती. हरकतींसाठी मूळ मुदत ३० दिवसांची, तीही ऐन पावसाळ्यात. तरीही हरकती-सूचनांचा आकडा ६० हजारांपलीकडे गेला. आराखडा रद्द होताच अनेकांना हायसे वाटले. परंतु कागद रद्द झाला, तो काढण्याची रीत तशीच राहिली.

नकाशावरचा रंग निरुपद्रवी नसतो. निवासी विभागात पडलेल्या जमिनीचा भाव एका रात्रीत चढतो. शेती विभागातली मागे राहते. आरक्षणाखाली गेलेली वर्षानुवर्षे अडकून पडते. ही किंमत शेतकऱ्याचे श्रम ठरवीत नाहीत, कचेरीतील पेन्सिल ठरविते. त्या पेन्सिलीची चाहूल ज्याला आधी लागते, तो आधी जमिनी घेऊन ठेवतो.

भोर-वेल्ह्याला वरून आलेल्या योजना नव्या नाहीत. भाटघरचे पाणी बारामती-इंदापूरच्या उसाला गेले, पानशेतचे पुणे शहराला. धरणे आवश्यक होती, हे कोणी नाकारीत नाही. पण ज्यांची खाचरे बुडाली, त्यांना आधी विचारले कोणी?

रस्ते, पाणी, सांडपाणी यांचा विचार एकेका गावापुरता करता येत नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो खरा आहे. म्हणूनच १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिका व पंचायतींच्या लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडावेत, असे सांगितले. १९६६ च्या नगररचना कायद्याची वहिवाट मात्र उलटी: आधी नकाशा, मग सुनावणी. ठरून गेलेल्या गोष्टीवर हरकत घेणे म्हणजे सहभाग नव्हे.

नवा आराखडा आज ना उद्या येणारच. त्याची वाट पाहत बसू नये. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या ग्रामसभांतून झरे, ओढे, गायराने, भातखाचरे, वहिवाटीच्या वाटा आणि भूमिहीनांच्या घरांची गरज यांची नोंद करवून घ्यावी, ठराव करावेत आणि ते नियोजन समितीपुढे आग्रहाने मांडावेत. जमिनीचा उपयोग ठरविण्याचा पहिला अधिकार तिच्यावर राबणाऱ्यांचा आहे. हरकत नोंदविण्याच्या हक्कावर समाधान मानण्याचे दिवस संपले पाहिजेत.