ताटातलं काय, हे संशय ठरवणार?

हवाई बेटांवरचा बीफ स्ट्यू मी फैजपूरच्या घरी म्हशीच्या गोश्तात करतो: बटाटा, गाजर, टोमॅटो, मंद आच, सोबत भात. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हैस प्रमाणपत्र घेऊन कापता येते.

राज्याबाहेर कायदेशीर कापलेल्या जनावराचं गोमांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम ५डी मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केलं. घरात काय खावं, हा खासगीपणाचा हक्क मानला. तरी आपल्या बायका शिट्टी झाली की खिडकी लावतात. कायदा वाचा, खाटकाकडून पावती मागा, ती जपा. खिडकी मात्र उघडी ठेवा.