विश्लेषण : क्लोझापिनची गोळी मिळते, मग दर आठवड्याला रक्ततपासणी कशासाठी?

दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांना गुण येत नाही. अशांसाठी क्लोझापिन हे सर्वांत प्रभावी औषध मानले जाते. तरीही ते अनेकांपर्यंत उशिरा पोहोचते. असे का?

ही औषधे वेगळी कशी?

१९५२ पासून वापरात आलेले क्लोरप्रोमाझिन मेंदूतील डोपामाइनचा परिणाम रोखते. त्याने भास कमी होतात, पण अंग ताठरते, हात थरथरतात. क्लोझापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही 'अटिपिकल' औषधे सेरोटोनिनवरही काम करतात. त्यांच्यामुळे ताठरपणा तुलनेने कमी येतो. मात्र वजन आणि रक्तातील साखर वाढू शकते.

रक्ततपासणी का?

१९७५ मध्ये फिनलंडमध्ये क्लोझापिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटल्या आणि मृत्यू झाले. अनेक देशांत औषध मागे घेतले गेले. इतर औषधे निष्फळ ठरलेल्या रुग्णांना ते उपयोगी पडते, हे १९८८ च्या अमेरिकी अभ्यासात दिसले. १९८९ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली, ती रक्ततपासणीच्या अटीसह. धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला तपासणी.

मराठवाड्यात अडते कुठे?

राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत; मराठवाड्यात एकही नाही. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. पण सोयगाव किंवा कन्नडहून दर आठवड्याला यायचे, तर भाडे लागते आणि रुग्णासोबत नातेवाइकाचाही रोज बुडतो. तपासणी मात्र साधी आहे : रक्तातील पेशी मोजण्याची. ती तालुक्यातच झाली आणि अहवाल डॉक्टरांना फोनवर कळवता आला, तर बहुतेक खेपा वाचतील.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार, सरकारने अधिसूचित केलेल्या अत्यावश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत मानसिक रुग्णांना मोफत मिळायला हवीत. २०२२ च्या राष्ट्रीय यादीत क्लोझापिन आहे. कायदा गोळीची हमी देतो. गोळी सुरक्षितपणे घेता येण्यासाठी तपासणीही तितकीच जवळ हवी.

२०२५ मध्ये अमेरिकेने तपासणीचा अहवाल दिल्याशिवाय औषध न देण्याची सक्ती काढली. याचा अर्थ तपासणी नको, असा नाही.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

क्लोझापिन सुरू असताना ताप आला किंवा घसा दुखला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गोळी मनाने बंद करू नका. सल्ल्यासाठी टेलि-मानसचा मोफत क्रमांक : १४४१६.