दंतवैद्याच्या खोलीतील जामीनदार

शाळेला सुटी लागली की मुलांचे दात दाखविण्याची आठवण होते. मुलाबरोबर आई असते, आजी असते, दुकानातून वेळ काढून वडीलही आलेले असतात. मूल खुर्चीवर बसले की प्रश्न उभा राहतो : वडीलधाऱ्यांनी आत थांबावे की बाहेर?

1962 साली अमेरिकेत फ्रँकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाचा अभ्यास केला. साधारण साडेतीन ते साडेपाच वर्षांच्या काही मुलांजवळ आई थांबली, काहींची बाहेर बसली. सुमारे चार वर्षांपर्यंतची मुले आईच्या उपस्थितीत अधिक सहकार्य करीत. मोठ्या मुलांत फारसा फरक आढळला नाही. मात्र त्या अभ्यासातील आई शांतपणे पाहत बसणारी होती, हे ध्यानात ठेवावे.

बँकेच्या व्यवहारात जामीनदाराचे स्थान असेच असते. त्याच्या उपस्थितीने विश्वास निर्माण होतो; व्यवहार मात्र कर्जदार व बँक यांच्यातच चालतो. दंतवैद्य मुलाला प्रत्येक गोष्ट आधी सांगतात, मग दाखवितात आणि नंतरच करतात. त्याच वेळी आईही सूचना देऊ लागली, तर मूल कोणाचेच ऐकत नाही. आईचा भेदरलेला चेहरा तर त्याला न बोलताच भिववितो.

‘अजिबात दुखणार नाही’ हे आश्वासन न वटणाऱ्या धनादेशासारखे आहे. किंचित दुखले तरी पत जाते, वैद्यांची आणि आपलीही. ‘दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील’ हा धाक तर घरीच भीतीचे बीज पेरतो.

दुधाचे दात पडणारच, म्हणून हा विषय गौण समजू नये. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे येणारी दाढ कायमची असते. कोणताही दात न पडता ती उगवत असल्याने अनेक घरांत तिला दुधाचीच समजतात. बालपणी बसलेली भीती पुढेही टिकली, तर माणूस दुखणे असह्य होईपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाही.

म्हणून लहानग्याजवळ एकानेच थांबावे, हात हाती घ्यावा आणि मौन पाळावे. मोठ्या मुलाची इच्छा विचारावी, वैद्यांचा सल्ला मानावा. आपले धैर्य मुलाला दिसले, की शब्दांची फारशी गरज उरत नाही.